वाचणारीचं नाव

सानपाड्याला समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर
बुधवारी आणि शनिवारी माझा वर्ग भरतो.
मराठी शिकायला आलेली मोठी माणसं,
बाकं बालवाडीची,
त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी.

दुर्योधन बेहेरा पहिल्या दिवशी म्हणाला,
"नावाला हसू नका, आमच्या ओडिशात चालतं."
कुणी हसलं नव्हतं. मग सगळे हसले.
नेरुळच्या एका सोसायटीत तो पंप चालवतो,
आणि फळ्यावर सूचना लिहायचं काम
सेक्रेटरीनं त्याच्याच गळ्यात घातलंय.

त्याच्या वहीत होतं:
सर्व रहिवाशांना सूचित करण्यात येते की
तांत्रिक कारणास्तव जलपुरवठा खंडित करण्यात येईल.
एक वेलांटी चुकलेली नाही.
बरोबरची खूण करायला पेन टेकवलं
आणि तिथंच थांबले.
हे कुठून उतरवलंस?
"महापालिकेच्या बोर्डावरून. शुद्ध आहे ना बाई?"
शुद्ध आहे.
पण तिसऱ्या मजल्यावरची बाई
पोराला शाळेच्या बसपाशी सोडून परत येतेय,
वर गॅसवर डाळ आहे,
लिफ्ट येईपर्यंत ती फळा बघणार.
तिला काय हवंय?
डोकं खाजवून तो म्हणाला,
"पाणी कधी जाणार. कधी येणार."
मग तेवढंच लिही.
"तेवढंच?
तेवढ्यावर मला मराठी येते असं कोण म्हणेल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
परक्या भाषेत माणूस आधी अब्रू झाकतो,
मग बोलतो.

बिन्सी वर्गीस बेलापूरच्या दवाखान्यात नर्स.
दिवाळ्याच्या भागूबाईंसाठी तिनं चिठ्ठी लिहिलेली,
भोजनापूर्वी सेवन करावे, वगैरे.
मी म्हटलं, डोळे मीट, भागूबाईंना समोर आण,
त्या ही चिठ्ठी कशी वाचतील?
बिन्सीनं डोळे मिटले नाहीत.
"बाई, त्यांना वाचता येत नाही."

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"नात वाचते. पाचवीत आहे. मोठ्यानं वाचते,
आणि अडली की ती ओळ गाळते."

मग आम्ही सगळ्यांनी मिळून
त्या न पाहिलेल्या पोरीसाठी चिठ्ठी लिहिली.
निधी, हे आजीला दोनदा वाचून दाखव.
पांढरा गोळी सकाळी, चहाच्या आधी.
लाल गोळी रात्री, भात खाल्ल्यावर.
सुकं बोंबील महिनाभर नको.
(शेवटच्या ओळीवर भागूबाई भांडतील, बिन्सी म्हणाली.
भांडू देत. भांडल्या म्हणजे पोचलं.)

पांढरा गोळी मी सुधारली नाही लगेच.
निधी हसेल, आणि पांढरी म्हणून वाचेल.
पण एक गोळी दोनदा आणि दोन गोळ्या एकदा
यात मात्र कुणी हसून वाचणार नाही,
तिथं मी पेन दाबून रेघ ओढली.

तेवढ्यात दुर्योधननं स्वतःची वही पुढं केली,
माझ्या लाल शाईवर बोट ठेवलं.
"हे तुम्ही कुणासाठी लिहिलंय?"
आशय उत्तम. वाक्यरचना विस्कळीत.
लिंगवचनाकडे लक्ष द्यावे.
"विस्कळीत मी भाजीवालीला विचारलं.
ती म्हणाली, काहीतरी चांगलंच असेल,
बाईंनी लिहिलंय ना."

सव्वीस वर्षं मी वह्या तपासतेय.
त्या शेऱ्यांसमोर मी कुणाला बसवलं होतं?
बहुतेक शाळेच्या निरीक्षकाला.
तो तर कधीचाच निवृत्त झाला.

बुधवारी त्यानं मोबाइलवर फळ्याचा फोटो दाखवला.
उद्या पाणी अकराला जाईल, चारला येईल.
भरून ठेवा. दुर्योधन, पंपवाला.
खाली कोपऱ्यात दुसऱ्याच अक्षरात, निळ्या खडूनं:
घन्यवाद. टाकीचं झाकण पण बघा. ३०४.
"ध चुकलाय," तो हळूच म्हणाला,
"मी पुसून नीट करू?"

राहू दे, म्हटलं.
तुला लिहिलंय ते.